मदत हवी: प्रबंधात नुसतं 'विद्यार्थी' लिहावं का?

प्रश्न (परभणी)
शिक्षणशास्त्राचा प्रबंध मराठीत लिहिते आहे. नमुना जिल्ह्यातल्या नववीच्या मुलामुलींचा. सगळीकडे नुसतं 'विद्यार्थी' नको, असं मार्गदर्शकांचं म्हणणं. दर ओळीत 'विद्यार्थी/विद्यार्थिनी' घातलं की वाक्य अडखळतं. एकवचनी 'ते' चालेल का? की 'अध्ययनार्थी' करू?

नांदेड
ताई, आधी ती तिरकी रेघ काढा. 'विद्यार्थी/विद्यार्थिनींना' लिहिलं की प्रत्यय एकालाच लागतो. प्रकरणातल्या पहिल्या उल्लेखाला 'विद्यार्थ्यांना व विद्यार्थिनींना' असं पूर्ण लिहा, पुढे वाक्यरचनाच बदला. 'विद्यार्थी गैरहजर राहिले' यात पुल्लिंग क्रियापदावर येतं. 'वर्गातली गैरहजेरी वाढली' यात प्रश्नच उरत नाही. 'सर्वांनी प्रश्नावली भरली' हेही निर्धोक, क्रियापद प्रश्नावलीप्रमाणे चालतं. 'प्रत्येकाने' मात्र टाळा, तिथे 'प्रत्येकीने' सुटते.

'अध्ययनार्थी'ने काही सुटत नाही, त्याचंही स्त्रीलिंगी रूप होतं. 'ते'सुद्धा नको. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संस्थेच्या लेखनशैली-पुस्तिकेच्या सातव्या आवृत्तीने इंग्रजीत एका व्यक्तीसाठी 'दे' (they) मान्य केलं, पण मराठीत 'ते' म्हटलं की आदरार्थी पुरुष किंवा नपुंसकलिंग डोळ्यासमोर येतं. एका व्यक्तीबद्दल 'सहभागी क्र. 14 च्या मते' असं लिहा.

लातूर
खरी गफलत तक्त्यात होते. रकान्यात 'मुले' म्हणजे मुलगे आणि खाली विवेचनात 'मुले' म्हणजे सगळी लेकरं. मग टक्केवारी कुणाची, हे परीक्षकाला कळणार कसं? रकान्यांना 'मुलगे' आणि 'मुली' म्हणा, एकत्रित आकड्याला 'एकूण विद्यार्थिसंख्या' (थि ऱ्हस्व). कार्यात्मक व्याख्यांत (प्रबंधात कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरला ते सांगणाऱ्या भागात) हा वापर एकदा सांगून टाका.

प्रश्नावलीत 'तृतीयपंथी' आणि 'सांगू इच्छित नाही' हे पर्याय हवेतच. तृतीय लिंगाची ओळख सर्वोच्च न्यायालयाने 2014 सालीच मान्य केली आहे. पण अशी एक-दोनच उत्तरं आली तर ती शाळानिहाय किंवा तालुकानिहाय छापू नका. गावात ते लेकरू लगेच ओळखू येतं. जिल्ह्याच्या एकत्रित आकड्यातच ठेवा, तिथेही ओळख पटत असेल तर वेगळा रकाना नकोच.

प्रश्न (परभणी)
आता वर्डमध्ये एकदम 'शोधा आणि बदला' करू का?

नांदेड
नको. 'विद्यार्थी' शोधलं तर 'विद्यार्थ्यांचा', 'विद्यार्थ्याने' सापडत नाहीत, आणि अवतरणं, योजनांची नावं, प्रमाणित चाचण्यांची शीर्षकं मात्र बिघडतात. ती मुळाबरहुकूमच राहिली पाहिजेत. 'विद्यार्थ' एवढंच शोधा आणि एकेक ठिकाण पाहून हाताने बदला.