मदत हवी आहे: असममित समतोलात लाल रंगाचं वजन कसं पेलायचं?

संकल्पचित्राचा पायाभूत सराव चालू आहे. २० × २० सेंमी पांढरा कार्ट्रिज पेपर, त्यावर कापलेल्या कागदाचे पाच आकार: दोन काळे, दोन मध्यम राखाडी, एक भडक लाल. अट अशी की समतोल असममित हवा (दोन्ही बाजू सारख्या नसूनही तोल साधलेला), सहावा आकार चालणार नाही आणि दुसरा रंगही नाही.

लाल चौरस (५ सेंमी) उजवीकडे वर आहे, सर्वांत मोठा काळा आयत (८ × ३ सेंमी) डावीकडे खाली. फोटो काढून ग्रेस्केल (रंग काढून फक्त काळ्या-राखाडी-पांढऱ्या छटांत) केला की मांडणी स्थिर दिसते. रंगात मात्र नजर लालवरच अडकते आणि सगळं उजवीकडे कलतं. डोळे बारीक करून, कागद उलटा धरून, आरशात बघून झालं. कल जात नाही. लाल ३ सेंमीचा केला तर कल जातो, पण चित्रातला जोरच संपतो, आणि तो मला हवाच आहे. आकार अजून चिकटवलेले नाहीत, त्यामुळे सरकवता येतील.

डच चित्रकार मोंद्रियानच्या १९३० च्या लाल, निळा, पिवळा रचनेत उजवीकडचा लाल चौरस प्रचंड आहे, तरी तोल जात नाही. तिथे डाव्या कोपऱ्यातला लहानसा निळा आणि जाड काळ्या रेषा तो सांभाळतात, असं मला वाटतं. माझ्याकडे निळा नाही.

मग लालचा आकार तसाच ठेवून काय बदलावं: काळा आयत मध्यापासून आणखी दूर कडेला न्यावा, लाल मध्याजवळ आणावा, की डावीकडची रिकामी जागा वाढवावी? आणि आधी कोणतं करून पाहावं?