मदत हवी आहे: फोटो चढवले की रंग मरतात

रानजाई · बुधवार, रात्री ९:१२

कोणीतरी लवकर सांगा. शनिवार सकाळच्या आत निस्तरायचंय.

रविवारी कासला गेले होते, येताना आणखी एका पठारावर. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, सगळं जोरात आहे. घरी येऊन लॅपटॉपवर बघितलं तर रंग डोळ्यांना दिसले होते अगदी तसे. आमच्या फूलवेड्यांच्या ग्रुपच्या अल्बममध्ये चढवले आणि सगळ्यांवर राख भुरभुरल्यासारखी झाली. तेरड्याचा गुलाबी दहा वेळा धुतलेल्या ओढणीसारखा. गवत पोपटी होतं ते शेवाळी. तीनदा काढून परत टाकले, तेच.

उभे काढलेले दोन-तीन फोटो आडवेही पडलेत, पण ते मी फिरवून घेईन. आधी रंगाचं सांगा. शनिवारी ग्रुपमध्ये फोटोवरून फुलं ओळखायचा कार्यक्रम आहे. या रंगांवरून कोण काय ओळखणार?

लेन्स बदला, फोन बदला हे नकोय.

पेणकर · रात्री ९:२०

कॅमेरा कोणता? रॉ की जेपेग? एडिट कशात केलेत? लॅपटॉप कोणता? काहीतरी सांगा हो ताई, पोपट घेऊन बसलेलो नाही आम्ही इथे.

रानजाई · रात्री ९:२४

निकॉन. एडिट वगैरे करत नाही, जेपेग, कॅमेऱ्यातून आले तसे. लॅपटॉप मॅक. पण याचा काय संबंध? लॅपटॉपवर छान दिसतात म्हटलं ना.

तिठ्यावरचा · रात्री ९:३१

मी तीन वर्षांपूर्वी कॅमेरा विकला. आयफोनने काढतो, तिथूनच टाकतो, रंग जिथल्या तिथे. अडीच किलोचं ओझं गळ्यात अडकवून कास चढायचं कशाला?

पेणकर · रात्री ९:३३

कासला गाडी जाते. चढता कुठून?

बापूकाका · रात्री ९:४५

पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायची फिरती काच, वापरता का? पावसाळ्यात पानाफुलांवर पाण्याचा पापुद्रा असतो, त्यावर आभाळाचा पांढरा उजेड चमकतो आणि रंग फिका येतो. पोलरायझर लावून हळूहळू फिरवा, चमक जाते, खालचा हिरवा वर येतो. उजेड एक-दीड स्टॉपने कमी होतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा), त्याप्रमाणे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवा. गेली बावीस वर्षं माझ्या पिशवीत आहे, आयुष्यात फिका फोटो आला नाही.

रानजाई · रात्री ९:५०

काका, फोटो फिका *आलेला* नाही. चढवल्यावर फिका *होतोय*. पोलरायझर आता कुठे लावू, स्क्रीनला?

उनाडवारा · रात्री १०:०२

जेपेगमध्ये काढलं की हे होणारच. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या अकलेने शिजवून वाढलेलं ताट, मीठ कमी पडलं तर आता काही करता येत नाही. रॉ म्हणजे कच्चा शिधा. पुढच्या वेळी रॉ काढा, व्हाइट बॅलन्स घरी बसून ठरवा. फुलांचे फोटो जेपेगमध्ये काढणं हा फुलांवर अन्याय आहे.

बापूकाका · रात्री १०:०९

रॉ काढून चार हजार फायली डिस्कवर कुजत पडलेले लोक मला माहीत आहेत. त्यातला एक याच धाग्यावर आहे.

उनाडवारा · रात्री १०:११

कुजत नाहीत, मुरतात.

घाणेरी · रात्री १०:२६

प्रश्न रॉचाही नाही आणि पोलरायझरचाही. तेरड्याचा तो गुलाबी-जांभळा रंग कॅमेऱ्याला जड जातो. फुलात लाल इतका भरलेला असतो की हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) लाल रंगाचा चॅनल उजव्या भिंतीला जाऊन आपटतो. एकूण उजेड बरोबर दिसतो म्हणून आपण फसतो, पण पाकळीचे बारकावे गेलेले असतात. पाऊण स्टॉप अंधारा काढायचा. कासला तेरड्याचा अख्खा गालिचा असतो, तिथे तर हमखास.

पेणकर · रात्री १०:३०

बरोबर आहे, पण मग पाकळी सपाट आणि भडक दिसली असती. यांची फिकी आहे. शिवाय गवतही फिकं आहे, गवतात कुठला आलाय लाल?

घाणेरी · रात्री १०:३२

हं. हे खरं.

अर्धा_डबा · रात्री १०:४०

मॅक्रो (अगदी जवळून काढायची) लेन्स घ्यायचीय. ९० मिलिमीटर की १०५? निकॉनच आहे माझाही. सीतेची आसवं टिचभर असतात, किट लेन्सने काही हाती लागत नाही.

बापूकाका · रात्री १०:४४

१०५. पण आधी एक्स्टेंशन ट्यूब वापरून बघा, स्वस्तात काम होतं. आणि गुडघ्याखाली घ्यायला जाड प्लास्टिक न्या.

घाणेरी · रात्री १०:५१

प्लास्टिक अंथरून त्याखाली काय चिरडतोय तेही बघा म्हणजे झालं. मागच्या वर्षी एक गृहस्थ एक गेंद नीट फ्रेममध्ये यावा म्हणून पंचवीस गेंदांवर आडवे पडले होते. खडकावरची माती चार बोटं जाड, त्यात उगवतं ते. आणि यातली किती तरी फुलं सह्याद्रीबाहेर कुठेच नाहीत. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आहे, तो काय आपल्याला लोळायला?

तिठ्यावरचा · रात्री १०:५५

म्हणून म्हणतो फोनने काढा. वाटेवर उभं राहून झूम.

सडा_कातळ · रात्री ११:०३

कुंपण घातलं तरी माणसं तेच करणार. आणि कुंपणाने गुरं बंद झाली की गवत माजतं, हे आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात. गुरं चरत होती तेव्हाही फुलं होतीच की.

घाणेरी · रात्री ११:०५

गुरांचा मुद्दा मला अर्धा पटतो. पण गुरं आसवांवर पोटावर झोपून सेल्फी काढत नाहीत.

रानजाई · रात्री ११:०८

माझा प्रश्न??

पेणकर · रात्री ११:१२

चढवलेला फोटो परत डाउनलोड करून मॅकवर उघडून बघा. फिका दिसतो की चांगला?

रानजाई · रात्री ११:२०

फिका. म्हणजे अल्बमवालेच बिघडवतायत ना? मला वाटलंच होतं.

उनाडवारा · रात्री ११:२४

अल्बम, चॅट, सगळीकडे फोटो दाबून बारीक करतात. व्हॉट्सॲपवर टाकायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते.

पेणकर · रात्री ११:२७

दाबल्याने बारकावे जातात, कडांना मुंग्या येतात. रंग असा एकसारखा विटत नाही. आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवली की फायलीत जागेचे अक्षांश-रेखांश असले तर तेही जसेच्या तसे जातात, एवढं लक्षात ठेवा.

रानजाई · रात्री ११:३०

जागेची काळजी नको, ते मी सगळं आधीच काढलंय.

मौनीबाबा · गुरुवार, सकाळी ६:४८

दोन प्रश्न.

१. कॅमेऱ्यातल्या मूळ फायलींची नावं कशी आहेत? आधी डीएससी, मग अंडरस्कोअर, मग आकडा? की आधी अंडरस्कोअर आणि मग डीएससी?

२. "ते मी सगळं आधीच काढलंय" म्हणजे नक्की काय काढलंत, कशाने?

उनाडवारा · सकाळी ७:३०

नावावरून रंग कळतो हे नवीनच.

रानजाई · सकाळी ८:०५

१. अंडरस्कोअर आधी. सगळ्यांच्याच. आता नावातही दोष निघाला का?

२. कासहून येताना ज्या दुसऱ्या पठारावर गेले तिथे कंदीलपुष्प सापडलं. ग्रुपमधल्या सरांनी बजावलंय की त्याची जागा अजिबात कळता कामा नये, लोक कंद उकरून नेतात. माझ्या कॅमेऱ्याला फोन जोडलेला असतो, त्यामुळे प्रत्येक फोटोत जागा नोंदली जाते. म्हणून भाच्याने लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम घालून दिलाय. फोल्डर त्यावर ओढलं की फोटोतली सगळी लपलेली माहिती पुसली जाते आणि "स्वच्छ" नावाचं नवीन फोल्डर तयार होतं. ते चढवते. हे सांगायची काय गरज?

पेणकर · सकाळी ८:०९

ताई!! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

मौनीबाबा · सकाळी ८:३१

सापडलं.

नावाच्या आधी अंडरस्कोअर आला की कॅमेरा ॲडोबी आरजीबी या रंग लिहायच्या मापावर ठेवलेला आहे. पूर्वापार खूण आहे ती, निकॉनची आणि कॅननचीही. एसआरजीबी, म्हणजे स्क्रीन आणि वेबचं नेहमीचं माप, असतं तर अंडरस्कोअर डीएससीनंतर आला असता.

आता गंमत. फायलीत प्रत्येक ठिपक्यासाठी नुसते आकडे असतात. लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. हे आकडे कोणत्या मापाने वाचायचे ते सोबतच्या माहितीत लिहिलेलं असतं. ॲडोबी आरजीबी १९९८ मधलं, त्याचा आवाका मोठा, विशेषतः हिरव्याकडे. म्हणून तोच पोपटी लिहायला त्याला लहान आकडा पुरतो. भाच्याच्या प्रोग्रामने जागा पुसली, तेव्हा हे मापही पुसलं. माप दिसलं नाही की ब्राउझर एसआरजीबी धरून चालतो. लहान आकडा लहान मापाने वाचला, पोपटी शेवाळी झाला.

आणि तुमचे आडवे पडलेले फोटो, जे तुम्ही "फिरवून घेईन" म्हणून बाजूला ठेवलेत, तेही याचंच. कॅमेरा उभा धरला तरी चित्र आडवंच साठतं, "उभं करून दाखवा" एवढी नोंद सोबत असते. तीही गेली. मला शंका आली ती तिथेच.

"स्वच्छ" फोल्डरमधला एखादा फोटो मॅकवरच उघडून बघा. अल्बमकडे जायच्या आधीच फिका असेल.

रानजाई · सकाळी ८:४४

फिका आहे. 🤦

मी ते फोल्डर उघडून कधी बघितलंच नव्हतं. मूळ फोटो बघायचे, स्वच्छ चढवायचे.

आता काय करू? मूळ फोटो कार्डवर आहेत सगळे.

मौनीबाबा · सकाळी ८:५२

मूळ फायली घ्या, आधी एसआरजीबीत *रूपांतर* करा, मग पुसा. नुसतं एसआरजीबीचं लेबल चिकटवायचा पर्यायही दिसेल, तो दाबू नका, त्याने आत्ता आहे तोच घोटाळा कायमचा होईल. उभे फोटोही त्याच वेळी खरोखर फिरवून सेव्ह करा. भाच्याला सांगा, सगळं पुसण्याऐवजी फक्त जीपीएस पुसायचं बटण दे. पाच मिनिटांचं काम आहे त्याला.

पुढच्यासाठी कॅमेऱ्यात शूटिंग मेनूत कलर स्पेस आहे, तिथे एसआरजीबी करून टाका.

उनाडवारा · सकाळी ९:१५

रॉ काढलं असतं तर कॅमेऱ्यात काय लावलंय त्याने काडीचा फरक पडला नसता. रॉला ते लागूच होत नाही. सहज सांगतोय.

मौनीबाबा · सकाळी ९:१८

हे मात्र बरोबर.

बापूकाका · सकाळी ९:२२

पण ॲडोबी आरजीबी काढूनच का टाकायचं? मी प्रदर्शनाला मोठे प्रिंट काढतो, चांगल्या प्रिंटरवर हिरव्यात फरक दिसतो. यांना ते कोणी लावून दिलं?

रानजाई · सकाळी ९:४०

एका शिबिरात सगळ्यांचे कॅमेरे घेऊन एकाने लावून दिलं होतं. "जास्त रंग मिळतात" म्हणाला. दोन वर्षं झाली. तेव्हा मी काहीच पुसत नव्हते म्हणून कळलं नसेल.

प्रिंट काढत नाही काका. घरच्यांना फोनवर दाखवते आणि ग्रुपवर टाकते, बस.

तिठ्यावरचा · सकाळी ९:५५

फोनला ही कटकटच नाही.

पेणकर · सकाळी ९:५८

तुमचा आयफोन २०१६ च्या सातव्यापासून पी३ नावाच्या मोठ्या रंगपेटीत फोटो काढतो. भाच्याच्या बटणाखाली घाला, तुमचेही विटतील. थोडे कमी, एवढंच.

तिठ्यावरचा · सकाळी १०:०१

भाचा माझा नाहीये.

घाणेरी · सकाळी १०:१०

कंदीलपुष्पाचा फोटो टाका की इथे! जागा नको. फूल माहीत नाही त्यांच्यासाठी: नळीसारखं असतं, वर कंदिलासारखी जाळी. वासाने बारक्या माश्या आत उतरतात, आतले केस खाली वळलेले असल्यामुळे परत वर येता येत नाही. केस कोमेजले की सुटका, तोवर अंगाला पराग चिकटलेले. सरांनी सांगितलं ते योग्यच, कंद खातात लोक.

रानजाई · दुपारी १:३५

झालं! रंग परत आले, गवत पोपटी, तेरडा तेरड्यासारखा. भाचा म्हणाला, "मावशी, तू सगळं पूस म्हणालीस म्हणून सगळं पुसलं." बरोबरच आहे त्याचं.

मौनीबाबा, कसे आभार मानू? आणि काका, पोलरायझरचं बोलले ते चिडून, मनावर घेऊ नका.

हा घ्या कंदील. जीपीएस पुसलंय, एसआरजीबी आहे, उभा फोटो उभा आहे.

बापूकाका · दुपारी १:५०

सुरेख! नळीवरचे ठिपकेसुद्धा स्वच्छ. (पानावर चमक आहे तेवढी. पोलरायझर.)

मौनीबाबा · दुपारी २:०४

फोटो उत्तम आहे. लगेच काढा.

उजव्या कोपऱ्यात मागे धूसर पिवळं दिसतंय तो मैलाचा दगड आहे. मोठा करून बघितला, गावाच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि किलोमीटर वाचता येतात.

रानजाई · दुपारी २:०६

अगं बाई! काढला. कापून टाकते परत. शनिवारच्या अल्बममधूनही काढते आधी.

अर्धा_डबा · दुपारी २:३०

१०५ बुक केली, सोमवारी येतेय. कंदीलपुष्प नेमकं कुठे आहे म्हणे? पुढच्या रविवारी जावं म्हणतो.