जलसंधारणाच्या कामांचा परिणाम मोजायचा कसा आणि अहवालात मांडायचा कसा?

प्रश्न : कोरडवाहू_बीड

नमस्कार. बीड जिल्ह्यातील एका गावाच्या पाणलोट समितीचे काम मी पाहतो. जलयुक्त शिवार अभियानातून आणि त्यानंतरच्या योजनांतून आमच्या शिवारात सिमेंट नाला बांध, नाला खोलीकरण व बांधबंदिस्तीची बरीच कामे झाली. येत्या ग्रामसभेपुढे या कामांचा परिणाम अहवाल ठेवायचे ठरले असून तो लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. हाती आलेल्या नमुन्यात कामाचे नाव, झालेला खर्च, निर्माण झालेला साठा (टीसीएममध्ये) आणि संरक्षित सिंचनाखाली (म्हणजे पावसाने ताण दिल्यावर पीक वाचवण्यापुरते पाणी मिळेल असे) आलेले क्षेत्र असे रकाने आहेत. ते सगळे मोजमाप पुस्तिकेवरून (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या वहीवरून) एका बैठकीत भरता येतील. पण गावात लोक जे विचारतात त्याचे उत्तर त्यातल्या एकाही रकान्यात नाही. मार्चनंतर विहिरींना पाणी टिकते का, आणि टिकत असेल तर ते या कामांमुळे की आदल्या वर्षी पाऊस बरा झाला म्हणून? हा भेद गावपातळीवर, फारसा खर्च न करता दाखवता येतो का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : काळा_पाषाण

भूजल सर्वेक्षणात बरीच वर्षे काम केल्यामुळे लिहितो. तुमच्या नमुन्यातील साठ्याचा आकडा ही कामाची क्षमता आहे, तिला परिणाम म्हणता येणार नाही. संरक्षित सिंचनाचे क्षेत्र तर बहुधा त्याच आकड्याला गुणून काढलेले असते. एक टीसीएम म्हणजे १,००० घनमीटर पाणी. ते एक हेक्टरवर पसरले तर १० सेंटीमीटर थर होतो. पिकाला पाणी देण्याच्या एका पाळीला ५ सेंटीमीटर धरले, तर त्यातून एका हेक्टरच्या दोन पाळ्या किंवा दोन हेक्टरची एक पाळी निघते. बंधारा पावसाळ्यात दोनदा भरेल असे गृहीत धरले की क्षेत्र लगेच दुप्पट होते. म्हणजे कागदावरचे क्षेत्र गृहीतकावर ठरते आणि ते गृहीतक अहवालात सहसा कुठे लिहिलेले नसते.

पाणीपातळीचे म्हणाल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते आणि ती मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. पद्धत चांगली आहे, पण त्या पाच वर्षांत २०१४ आणि २०१५ सारखी अवर्षणाची वर्षे आली की सरासरीच खाली जाते आणि पुढचे कोणतेही साधारण वर्ष यशस्वी दिसू लागते. म्हणून पातळीशेजारी त्या वर्षीचा पाऊस लिहिल्याशिवाय अहवाल पूर्ण मानू नये. स्वयंचलित हवामान केंद्रांच्या महावेध प्रकल्पामुळे पाऊस आता महसूल मंडळनिहाय मिळतो. त्यात जवळजवळ सारखा पाऊस झालेली दोन वर्षे निवडावीत, एक कामांच्या आधीचे आणि एक नंतरचे, आणि त्यांची ऑक्टोबर व मार्चची पातळी शेजारी शेजारी मांडावी. शिवाय त्याच पर्जन्यपट्ट्यातले, तसाच खडक असलेले पण अशी कामे न झालेले एखादे गाव जोडीला घ्यावे. दोन्ही गावांत पातळी सारखीच वाढली असेल, तर श्रेय पावसाला द्यावे लागेल.

दावा पडताळायचा एक हिशेबही सांगतो. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठवण्याची जागा फार थोडी असते. झिजलेल्या थराची विशिष्ट उत्पादकता (थराच्या घनफळापैकी जेवढे पाणी त्यातून सुटून मिळते तो हिस्सा) २ टक्के धरली, तर १,००० हेक्टरच्या शिवारात पातळी सर्वत्र एक मीटर वर यायला २०० टीसीएम पाणी जमिनीत मुरावे लागते. गावातील सर्व बंधाऱ्यांची मिळून क्षमता ८० टीसीएम असेल आणि ते दोनदा भरत असतील, तर बाष्पीभवन वजा न करताही १६० टीसीएमच हाती येते. अशा गावाच्या अहवालात पातळी तीन मीटरने वाढली असे लिहिलेले दिसले, तर वाढ एक तर पावसाची आहे किंवा मोजलेली विहीर नाल्याच्या अगदी काठावरची आहे.

त्यामुळे विहिरी निवडताना नाल्याकाठची, मधल्या उतारावरची आणि माथ्याकडची अशा तिन्ही ठिकाणच्या घ्याव्यात. विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करावी, दर वेळी त्याच खुणेपासून वजन बांधलेला टेप सोडावा, आणि मोजणी पहाटे, मोटार सुरू होण्यापूर्वी करावी. दुपारी उपसा चालू असताना घेतलेल्या नोंदीवरून काहीच सिद्ध होत नाही. कोणती मोटार रात्रभर चालू होती, हेही नोंदीच्या पुढे लिहून ठेवावे.

उत्तर २ : जमाखर्च

वरील उत्तराशी सहमत आहे. मी लेखापरीक्षणाच्या बाजूने थोडी भर घालतो. जलयुक्त शिवार अभियानावरील नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला. सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्याच्या आणि भूजलपातळी वाढवण्याच्या उद्दिष्टावर अभियानाचा फारसा परिणाम झाला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पाहणीसाठी निवडलेल्या १२० गावांपैकी ८३ गावांत निर्माण झालेला साठा पिण्याच्या आणि सिंचनाच्या गरजेला अपुरा असल्याचे त्यात नोंदवलेले आहे. या अहवालावर राजकीय वाद बराच झाला. मला त्यातून घेण्यासारखी गोष्ट वेगळी वाटते. गाव आराखड्यात पाण्याचा ताळेबंद, म्हणजे उपलब्ध पाणी आणि गरज यांचा हिशेब, मांडलेला असतो, पण कामे संपल्यावर तोच ताळेबंद पुन्हा मांडण्याचे बंधन कोणालाच वाटत नाही. देयक मंजूर झाले की कामही संपले, असा आपला प्रघात आहे.

अर्थात लेखापरीक्षणाची मोजपट्टीही निर्दोष नसते. टँकरची संख्या वाढली म्हणून कामे फसली, असा युक्तिवाद तेव्हा पुष्कळ झाला. परंतु २०१८ चा मोसमी पाऊस कमी झाला होता आणि त्या ऑक्टोबरमध्ये शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. कमी पावसाच्या वर्षातील टँकर मोजून अपयश ठरवणे आणि भरपूर पावसाच्या वर्षातील विहिरी मोजून यश ठरवणे, या दोन्हींत चूक एकच आहे.

तुमच्या नमुन्यात मी एक रकाना आवर्जून वाढवीन, आजच्या साठवणक्षमतेचा. उन्हाळ्यात नाला कोरडा असताना बंधाऱ्याच्या भिंतीजवळ आणि वरच्या अंगाला दोन-तीन ठिकाणी पहार खुपसून गाळाची जाडी पाहावी आणि मूळ खोलीतून ती वजा करावी. अर्ध्या उंचीपर्यंत गाळ भरलेला बंधारा दर वर्षीच्या अहवालात पूर्ण क्षमतेने मोजला जातो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. दुरुस्तीसाठी पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे, की मुळीच नाही, हेही त्याच ओळीत लिहावे.

उत्तर ३ : रब्बीचा_शेतकरी

पातळीवर एवढा भर देण्याबद्दल मला शंका आहे. आमच्या गावात कामे झाल्यावर ऑक्टोबरमध्ये विहिरी भरलेल्या दिसू लागल्या आणि त्या भरवशावर लोकांनी ज्वारी-हरभऱ्याऐवजी कांदा आणि ऊस लावला. परिणामी मे महिन्यातली पातळी पूर्वी होती तिथेच आहे. तुमच्या पद्धतीने मोजले तर कामांचा परिणाम शून्य निघेल. पण पाणी मुरले, ते उपसले गेले आणि त्यातून पीक निघाले, हा परिणाम नाही का? हिवरे बाजारमध्ये दर वर्षी पाऊस आणि विहिरी मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिके ठरवतात, तिथे ऊस आणि सिंचनासाठीच्या कूपनलिका यांवर गावानेच बंदी घातली आहे. तिथल्या मोजणीला अर्थ आहे, कारण तिच्यावरून पुढे काही ठरते.

दुसरे असे की पाणी कोणाला मिळाले, हे एकाही अहवालात नसते. खोलीकरणाचा लाभ नाल्याला लागून जमीन असलेल्यांना झाला. माथ्यावरच्या कोरडवाहू खातेदाराच्या बांधबंदिस्तीचे काय झाले, हे पाहायला कोणी गेले नाही.

काळा_पाषाण

आपला आक्षेप योग्य आहे आणि त्यामुळे माझ्या उत्तरात एक अट घालावी लागेल. पातळी म्हणजे मुरलेल्या पाण्यातून उपसा वजा जाता उरलेली शिल्लक. निव्वळ शिल्लक पाहून जमा किती झाली, हे कळत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या पातळीवरून पुनर्भरणाचा अंदाज घ्यावा, आणि ऑक्टोबर ते मे या काळातली घट पिकांच्या क्षेत्राशी जोडून वाचावी. २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे (शेतकऱ्याने मोबाइलवरून पीक नोंदवण्याच्या पद्धतीमुळे) सातबाऱ्यावर पीकनिहाय क्षेत्र येऊ लागले आहे. त्यात त्रुटी आहेत, बांधावर न जाता भरलेल्या नोंदीही असतात, तरी तलाठ्याच्या जुन्या पीक पेऱ्याशी ताडून पाहिल्यास ऊस वाढला की हरभरा, एवढे तरी निश्चित समजते. कूपनलिकांची मोजणी मात्र स्वतंत्रपणे करा. राज्याच्या भूजल कायद्यातील ६० मीटर खोलीच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या कूपनलिका ज्या थरातून पाणी खेचतात, तो थर तुमच्या उघड्या विहिरीत दिसत नाही.

कोरडवाहू_बीड

सर्वांचे आभार. एकच अडचण राहते. कामांपूर्वी आमच्या गावात कोणी विहिरी मोजल्याच नाहीत. आधीची नोंद नसताना तुलना कशाशी करावी?

जमाखर्च

आधीची नोंद नसली, तर ती आठवणीवरून तयार करू नका. जवळच्या निरीक्षण विहिरीच्या जुन्या नोंदी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे मागता येतील. सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर तपशिलाची छायाचित्रे २०१५ पासून विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांवरून फेब्रुवारीत शिवाराचा किती भाग हिरवा होता, हे वर्षवार काढता येते आणि एखाद्या कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतील. तुमच्या कामांचा काळ त्यात पूर्ण बसत नसेल, तर अहवालात तसे स्पष्ट लिहून या वर्षाला पहिले वर्ष माना. अटल भूजल योजनेच्या गावांत पाणीपातळीची आकडेवारी सर्वांना दिसेल अशी खुली ठेवण्यावर भर होता, तसा फलक तुमच्या ग्रामपंचायतीबाहेरही लावता येईल. त्यावर सरासरी लिहू नका. विहिरीचा क्रमांक, मोजणीची तारीख, पातळी आणि तोपर्यंत झालेला पाऊस एवढेच लिहा, म्हणजे ज्याची विहीर आहे तो नोंद चुकली असल्यास तिथल्या तिथे सांगेल. माथ्याकडच्या विहिरी यादीतून गाळल्या जाणार नाहीत, हे मात्र समितीच्या ठरावातच घालून घ्या.