मदत हवी आहे: दुबई मॉलमध्ये गुडघेदुखी असलेल्या आईला घेऊन एक दिवस कसा काढावा?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

जानेवारीत दुबईला जातोय. मी, नवरा, शाळकरी लेक आणि माझी आई. बाकीचा बेत ठरलाय, गाडी अडलीय ती दुबई मॉलच्या दिवसापाशी.

आईने सत्तरी ओलांडली आहे आणि दोन्ही गुडघे झिजलेत. सपाटीवर ती बरी चालते, पण पंधरा-वीस मिनिटांनी तिला टेकायला जागा लागतेच. जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतं. तिची हौस मात्र दांडगी आहे. बुर्ज खलिफावर जायचंय, संध्याकाळचं कारंजं बघायचंय, आणि ते सगळं "रांगेत उभं राहून, तुमच्यासारखंच". लेकीला मत्स्यालय हवंय, नवऱ्याला घड्याळ. मला खरेदीत फारसा रस नाही. आई दिवसभर आनंदात राहावी आणि रात्री पाय चेपत बसायची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढंच मला बघायचंय.

मॉल २००८ साली उघडला, दुकानं बाराशेच्या वर, ही माहिती सगळीकडे मिळते. मला हवंय ते वेगळंच: इथून तिथे जायला किती चालावं लागतं? ते कुणीच लिहीत नाही.

आमचं हॉटेल मेट्रोजवळ आहे, म्हणून मेट्रोने जावं असं नवऱ्याचं मत. आईला घेऊन ते जमेल का? व्हीलचेअर मिळते असं ऐकलंय, पण आई ऐकत नाही. "मला चालता येतं, मग खुर्ची कशाला?" म्हणते. तिच्यावर जबरदस्ती करायची माझी इच्छा नाही. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी जरूर लिहा. बुर्ज खलिफाचं तिकीट सूर्यास्ताच्या वेळेचं काढावं की आधीचं? आणि एवढ्या गर्दीत चुकामूक झाली तर काय? आईला स्मार्टफोन वापरता येतो, पण नुसता फोन करण्यापुरता.

घड्याळावरचा कर परत मिळतो म्हणतात, त्याबद्दलही कुणी सांगितलं तर बरं होईल.

खाडीकाठ

ताई, मी बरीच वर्षं दुबईत राहतोय, म्हणून आधी मेट्रोचं सांगतो. स्थानकाचं नाव बुर्ज खलिफा/दुबई मॉल असलं तरी ते मॉलला लागून नाही. स्थानक शेख झायेद रस्त्यावर आहे आणि तिथून मॉलपर्यंत ८२० मीटरचा बंदिस्त, वातानुकूलित पूल आहे. त्यावर सरकते पट्टे आहेत, पण ते तुकड्यातुकड्यांनी. एक संपला की थोडं चालायचं, मग पुढचा. पट्ट्यावर चढताना-उतरताना तोल सांभाळावा लागतो आणि गुडघेदुखीवाल्यांना नेमकं तेच जड जातं. शिवाय पूल संपतो तिथे मॉल सुरू होतो, तुम्हाला जायचंय ते ठिकाण अजून लांबच असतं. आईची सगळी ताकद येण्यातच खर्च होईल.

सरळ टॅक्सी करा, आणि ड्रायव्हरला नुसतं "दुबई मॉल" सांगू नका. मॉलला बरीच प्रवेशद्वारं आहेत आणि चुकीच्या दारात उतरलात तर आतून खूप चालावं लागतं. मत्स्यालयापासून सुरुवात करणार असाल तर त्याला जवळचं दार कुठलं, हे आदल्या रात्री नकाशावर बघून ठेवा आणि तेच नाव सांगा.

मेट्रो दुसऱ्या एखाद्या दिवशी, गर्दी नसताना, लेकीसाठी म्हणून करा. गाडीला चालक नसतो. अगदी पुढच्या काचेशी जागा मिळाली तर मुलं हरखून जातात. बायका-मुलांसाठी वेगळा डबाही असतो. फक्त गाडीत आणि स्थानकात काही खायचं-प्यायचं नाही, दंड होतो. लेकीला आधीच बजावून ठेवा.

निंबोणी

खुर्चीबद्दल मी लिहिते. माझे सासरे असेच. तेही "मी काय आजारी आहे?" म्हणून हटून बसायचे.

आमच्याकडे जमलं ते असं. खुर्ची त्यांच्यासाठी म्हणून घेतलीच नाही, सामानासाठी घेतली. सगळ्यांच्या पिशव्या, स्वेटर, पाण्याच्या बाटल्या तिच्यावर ठेवल्या आणि मामंजींनीच ती ढकलली. ढकलताना हाताला आधार मिळतो, चाल आपोआप सावकाश होते. थोड्या वेळाने ते आपण होऊन म्हणाले, "जरा ते सामान उचला पाहू." आणि बसले. पुढचा सगळा दिवस असाच गेला: थोडं चालणं, थोडं बसणं. कुणी "बसा" म्हटलं नाही आणि कुणी "बघा, म्हटलं नव्हतं?" असंही म्हटलं नाही. ते दुसरं फार महत्त्वाचं आहे बरं का. लेकीलाही सांगून ठेवा.

मॉलच्या मदतकक्षात व्हीलचेअर मिळते. ओळखीचा पुरावा लागेल या हिशेबाने एकाचा पासपोर्ट हाताशी ठेवा. पण त्या खिडकीशी आईला उभं करून "यांना चालवत नाही" वगैरे बोलू नका. तुमच्यापैकी कुणीतरी पुढे जाऊन घेऊन या. आपल्याबद्दल आपल्यासमोर तिसऱ्या माणसाशी बोललेलं म्हाताऱ्या माणसांना फार लागतं.

सांजवारा

क्रमाबद्दल. २०२२ पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी असते आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम. म्हणून सोमवार ते गुरुवारमधला दिवस धरा. जानेवारीत दुबई शॉपिंग फेस्टिव्हल असतो, १९९६ पासून चालू आहे, त्यामुळे गर्दी अशीही असणारच. निदान सुट्टीची गर्दी तरी टळेल.

सकाळी मत्स्यालय. दुपारी निवांत जेवण आणि घड्याळ, म्हणजे तेवढा वेळ आई एका जागी बसलेली राहील. बुर्ज खलिफा साडेतीन-चारच्या वेळेचं घ्या. जानेवारीत तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सूर्यास्ताच्या आसपासची तिकिटं महाग असतात, शिवाय रेटारेटीही त्याच वेळी जास्त. चार वाजता उन्हात वाळवंट आणि समुद्र दोन्ही स्वच्छ दिसतात. मला तरी अंधारातल्या दिव्यांपेक्षा तेच आवडलं. तिकीट १२४-१२५ मजल्यांचं पुरे. १४८चं बरंच महाग आहे आणि आईंना त्याने काही जास्त मिळेल असं मला वाटत नाही.

यात सोय अशी की बुर्ज खलिफाचं प्रवेशद्वार मॉलच्या खालच्या तळमजल्यावर आहे आणि कारंज्याकडे जायची वाटही त्याच मजल्यावरून. म्हणजे खाली उतरलात की मॉलची लांबी पुन्हा पालथी घालायला नको. संध्याकाळी सहानंतर साधारण दर अर्ध्या तासाला कारंज्याचा खेळ असतो, काही मिनिटांचाच. २०२५ मध्ये ते दुरुस्तीसाठी काही महिने बंद होतं, ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झालं.

कठड्याला रेलून उभं राहायच्या मोहात पडू नका. तिथे लोक आधीपासून जागा धरून असतात आणि आईंना तेवढा वेळ ताटकळत उभं राहावं लागेल. पाणी दीडशे मीटरपर्यंत उंच उडतं, ते मागूनही छान दिसतं. खुर्ची सोबत असेल तर बसायची जागा तुमची तुमच्याकडेच आहे. पहिला खेळ बघा, जमलं तर दुसरा, आणि निघा. रात्र चढते तशी टॅक्सीची रांग वाढत जाते.

पाऊलवाट

सांजवारा यांच्याशी सहमत, फक्त मत्स्यालयाच्या तिकिटाबद्दल थोडं वेगळं मत. त्याची मोठी काच मॉलमध्ये फिरतानाच दिसते, फुकट. जवळजवळ ३३ मीटर रुंद आणि ८ मीटरहून उंच, अ‍ॅक्रिलिकची एकसंध भिंत. आत एक कोटी लिटर पाणी. तिच्यासमोर आम्ही कितीतरी वेळ नुसते उभे होतो. एक भलंमोठं पाकट काचेला पोट लावून वर सरकत गेलं. पांढरंशुभ्र पोट, त्यावर बारीकसं तोंड, ते उघडतंय, मिटतंय. धाकट्याने काचेवर हात टेकला तर त्याच्या बोटांच्या पलीकडून ते गेलं. तिकीट काढून आत बोगद्यातून जाता येतं, पण आम्हाला बाहेरचंच जास्त आवडलं. तुमच्याकडे वेळ आणि आईंची ताकद दोन्ही मोजकं आहे, तर आधी बाहेरून बघा. लेकीचं समाधान झालं नाही तर नवऱ्याबरोबर तिला आत पाठवा आणि तुम्ही दोघी काचेसमोर थांबा.

आता चुकामुकीचं. हे नीट वाचा, कारण बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतं. संयुक्त अरब अमिरातींत व्हॉट्सअ‍ॅपवरून संदेश जातात, व्हॉइस मेसेजही जातो, पण कॉल लागत नाही. आई घरी व्हॉट्सअ‍ॅपवरून फोन करत असतील तर तिथे बटण दाबत बसतील आणि घाबरतील. त्यांच्या फोनमध्ये तिथलं सिम किंवा रोमिंग असू दे आणि साधा फोन कसा लावायचा याची घरीच दोन-चारदा सवय करून घ्या. तुमचा नंबर देशाच्या कोडसकट कागदावर लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेवा.

भेटायची जागा म्हणून मॉलमधला धबधबा ठरवा. पाण्याबरोबर खाली सूर मारणाऱ्या माणसांच्या आकृती आहेत त्यात, आणि तो बऱ्याच मजल्यांवरून दिसतो. नाव आठवलं नाही तरी हाताने खूण करून कुणालाही विचारता येतं. दुकानाची खूण ठेवू नका, एकाच कंपनीची दुकानं एकाहून जास्त असू शकतात.

कराचं असं: पर्यटकांना व्हॅट परत मिळतो, दर ५ टक्के आहे. योजनेत सहभागी असलेल्या दुकानात किमान २५० दिऱ्हमची खरेदी लागते आणि बिल करतानाच पासपोर्ट दाखवून सांगावं लागतं. परतताना विमानतळावर बॅगा चेक-इन करायच्या आधी पडताळणी करायची. घड्याळ बॅगेत टाकून मोकळे होऊ नका, दाखवायला सांगू शकतात. काही शुल्क कापून बाकीचं मिळतं, पूर्ण पाच टक्के नाही.

एक राहिलं. आईंचे फोटो काढताना मागे अनोळखी माणसं, विशेषतः बायका, येणार नाहीत असं बघा. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणं तिथे कायद्याने गुन्हा आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. टॅक्सी ठरली, नवराही तयार झाला. व्हॉट्सअ‍ॅपचं तर आमच्या गावीही नव्हतं! आईला आजपासूनच साधा फोन लावायला बसवते.

निंबोणी, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. "बघा, म्हटलं नव्हतं" हे वाक्य आमच्या घरात फार सहज येतं, ते या वेळी कुणीच काढायचं नाही असं ठरवलंय.

एकच शंका उरली. बुर्ज खलिफात वर गेल्यावर जिना आहे का? उतरताना तिला त्रास होतो म्हणून विचारतेय.

खाडीकाठ

लिफ्ट थेट वर नेते, साधारण मिनिटाभरात, त्यामुळे चढण्याचा प्रश्न नाही. कानांना दडे बसतात, आईंना आवंढा गिळायला सांगा. लिफ्टपर्यंतची रांग आणि वाट मात्र लांब आहे, तिथे खुर्ची उपयोगी पडेल. ती पुढे नेता येईल ना, हे तिकीट दाखवतानाच विचारून घ्या.

१२४ आणि १२५ मजल्यांना जोडणारा जिना आहे. तो उतरण्याच्या फंदात पडू नका, तिथल्या कर्मचाऱ्यांना लिफ्टचं विचारा. आणि नाहीच जमलं तर आईंना १२४ वर काचेपाशी बसू दे. मोकळ्या हवेतला सज्जा त्याच मजल्यावर आहे, त्यामुळे १२५ राहिला तरी फार काही चुकणार नाही. जानेवारीत वर वारा बोचरा असतो, खुर्चीवर ठेवलेलं ते स्वेटर तेव्हा हाताशी असू द्या.