१९६४ च्या पोळ्याच्या रात्रीचा खून, हरवलेली वही आणि पडक्या घरातील 'गुप्तधन': जुने कागद कोठे शोधावेत?

बोरीकाठ

नमस्कार. अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठी आमचे मूळ गाव आहे. या प्रकरणातील माणसांची नातवंडे अद्याप तेथेच नांदत असल्याने गावाचे आणि कोणाचेही नाव मी मुद्दाम लिहीत नाही. १९६४ च्या पोळ्याच्या रात्री माझ्या पणजोबांच्या थोरल्या भावाची विधवा पत्नी, जिला सारे घर मोठी माय म्हणे, तिच्या राहत्या घरात गळा आवळलेल्या स्थितीत मरण पावली. तिला मूलबाळ नव्हते. नवरा १९५१ मध्ये वारला होता, भावाभावांच्या वाटण्या त्याआधीच झालेल्या होत्या, आणि तिच्या वाट्याचे २८ एकर रान ती सालदार ठेवून स्वतः करीत असे. शिवाय ती दागिने गहाण ठेवून घेऊन पैसे देई, आणि त्याचा हिशेब लाल कापडात बांधलेल्या एका वहीत दुसऱ्याकडून लिहवून घेई, कारण तिला स्वतःला लिहिता येत नव्हते.

सकाळी शेण काढायला येणाऱ्या बाईने हाका मारल्या, तेव्हा दाराला आतून कडी होती. दार फोडून माणसे आत गेली, तर चुलीपाशी पावसाचे पाणी साचलेले होते. आमच्याकडील घरे धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची असतात हे येथील बहुतेकांना ठाऊक असेलच. उजेडासाठी धाब्याला एक भोक ठेवतात आणि पावसाळ्यात त्यावर घमेले पालथे घालून वर दगड ठेवतात. त्या सकाळी दगड एका बाजूला आणि घमेले दुसऱ्या बाजूला पडलेले होते. गल्लीतील अकरा घरांची धाबी एकमेकांना लागून असल्याने या टोकाकडून त्या टोकाकडे जमिनीला पाय न लावता जाता येत असे, आणि पोळ्याच्या रात्री बैल मिरवून दमलेले, काही प्यालेले गाव लवकर निजलेले होते. दोन सालदारांना पोलिसांनी ठाण्यावर नेले आणि काही दिवसांनी सोडून दिले. पुढे काहीच झाले नाही.

दागिने सापडले नाहीत आणि वहीही सापडली नाही. गावाने मात्र साठ वर्षे केवळ दागिन्यांचीच चर्चा केली. माझी आजी या विषयावर फारशी बोलत नसे, एकदाच, कोणीतरी भिंतीत हंडा असल्याची गोष्ट रंगवून सांगत असताना, ती ताडकन म्हणाली होती, "सोनं कोठे गये ते नका इचारा, वही कोठे गयी ते इचारा."

ते घर आता आमच्याकडे आहे, निम्मे पडलेले आहे, आणि ते विकण्याचे ठरत असताना माझ्या एका चुलत भावाने विक्रीपूर्वी भगत आणून जमीन 'दाखवून' घेण्याचा हट्ट धरला आहे. येत्या अमावास्येला ते होणार असे म्हणतात. त्याआधी मला जुने कागद पाहायचे आहेत. असे प्रकरण आज कोणत्या कार्यालयात, कोणत्या नावाने सापडू शकेल?

भरीतभाकर

भाऊ, माझे आजोळ बोरीच्याच काठी, आपल्या गावापासून फार लांब नसावे, कारण ही कथा मी लहानपणी ऐकलेली आहे. माझ्या मामांच्या सांगण्यात पितळी डबा होता. मावशीच्या सांगण्यात त्याचा हंडा झाला. आणि मी स्वतः कॉलेजात असताना सुट्टीत ऐकली तेव्हा एकाचे सात हंडे होऊन त्यांवर नाग बसलेला होता. खून झालेली बाई साधी गहाणवट करणारी होती, हे या सात हंड्यांच्या गोष्टीत कोणाच्या लक्षातही राहिलेले नव्हते.

भुताची गोष्ट अशी सांगत, की पोळ्याच्या अमावास्येला धाब्यावर पावले वाजतात आणि म्हातारी "धा, ईस, तीस" असे मोजत फिरते. तिची मोजणी चुकली की ती खाली उतरते. आम्हा मुलांची त्या गल्लीतून संध्याकाळनंतर जाण्याची छाती होत नसे. पुढे मोठा झाल्यावर मी मामांना विचारले, की त्या घरात भूत आहे तर तिथली जमीन जागोजागी उकरलेली का दिसते? मामा हसले आणि म्हणाले, की भुताच्या भीतीने शेजारचे लोक निजून राहिले, तरच उकरणाऱ्याला निवांतपणा मिळणार ना! माझ्या मते ही पावले खरोखरच वाजत असली पाहिजेत, आणि ती गल्लीतल्याच कोणाची तरी असली पाहिजेत.

निंबाची_काडी

पडक्या माळवदात, भिंतीच्या खबदाडात राहणारे पांढऱ्या तोंडाचे गव्हाणी घुबड ज्याने जवळून ऐकले आहे, त्याला म्हातारीचे भूत वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ते घुमत नाही, तर खरखरीत किंचाळते, आणि त्याची पिले एखाद्या दमेकऱ्याच्या श्वासासारखा फुसकारा रात्रभर करीत राहतात. सुटीत एकदा आमच्या शाळेच्या जुन्या खोलीत असा आवाज येऊ लागला, तेव्हा गावातील जाणत्या माणसांनी नारळ फोडण्याची तयारी केली होती. मी शिडी लावून पाहिले, तर चार पिले आणि उंदरांच्या हाडांचा ढीग एवढेच काय ते निघाले.

परंतु भगताची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या लोभातून स्त्रियांचे आणि लहान मुलींचे जे खून पडले, ते आमच्या पिढीला आठवतात. त्या तपासात मुंबईहून आलेले रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखे अधिकारी गुंतले होते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधन शोधण्याच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्ये स्पष्टपणे आलेली आहेत, आणि त्यांना किमान सहा महिने व कमाल सात वर्षे कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड सांगितलेला आहे. आपल्या चुलत भावाला हे आधीच सांगावे. अमावास्येच्या रात्री घरात नेमके काय केले जाणार आहे, हे त्यालाही पूर्ण सांगितलेले नसते.

अभिलेख_कक्ष

महसूल खात्यात कारकून म्हणून नोकरी करून निवृत्त झालो असल्याने कागदांपुरते सांगतो. प्रथम पोलिसांकडील बाजू. खुनाला मुदतीचा कायदा लागू नसतो, त्यामुळे गुन्हा जुना झाला म्हणून तो मिटत नाही. मात्र गुन्हा खरा असून आरोपी निष्पन्न होत नसला, तर पोलीस न्यायालयाकडे 'अ' समरी, म्हणजे तपास बंद करण्याची मंजुरी, मागतात आणि प्रकरण कपाटात जाते. मूळ कागद मुदतीनंतर नष्ट केलेले असू शकतात, तरीही माहिती अधिकारात अर्ज करावा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती नाकारताना २००५ च्या कायद्याच्या कलम ८(३) मुळे नकाराची बहुतेक कारणे गळून पडतात. अर्जात केवळ 'खुनाची फाईल' असे न लिहिता प्रेताचा पंचनामा, घटनास्थळाचा पंचनामा, खबर आणि समरीचा अहवाल असे वेगवेगळे लिहावे. घटनास्थळाच्या पंचनाम्यात धाब्याचे वर्णन आहे का, हे मी सर्वांत आधी पाहीन. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी माती टाकतात. ती भिजलेली असताना त्यावरून कोणी चालले, तर पाऊल उमटल्यावाचून राहत नाही, आणि पावले कोणत्या घराकडून आली हे सकाळी वर चढणाऱ्या पहिल्या माणसाला दिसले असणार. पंचनाम्यात धाब्याचा उल्लेखच नसेल, तर तेवढ्यावरूनही पुष्कळ कळेल. तहसील कार्यालयातील कोतवाल बुकात मृत्यूची नोंद आणि कारणाचा रकाना असतो, तोही पाहावा. तेथे 'खून' लिहिले आहे की आणखी काही, हे महत्त्वाचे आहे.

आता वहीबद्दल. आजींचे वाक्य मार्मिक आहे, परंतु ते थोडे तपासून घेतले पाहिजे. त्या वेळी लागू असलेल्या मुंबई सावकारी अधिनियम १९४६ प्रमाणे परवाना नसलेल्या सावकाराला न्यायालय वसुलीचा हुकूमनामा देत नसे. बाईंकडे परवाना नसावा असे आपल्या वर्णनावरून वाटते. तसे असेल, तर केवळ कर्ज बुडवण्यासाठी ऋणकोला वही नाहीशी करण्याची गरज नव्हती. त्याने पैसे दिले नसते, तरी बाई कचेरीत जाऊ शकत नव्हती. गहाण दागिन्यांची गोष्ट वेगळी आहे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. जळगावच्या सराफ्यातील कारागीर त्या वेळी कामावाचून बसले होते. अशा दिवसांत बायकोच्या जुन्या बावीस कॅरेटच्या पाटल्या गहाण पडलेल्या असणे, आणि तशा पुन्हा घडवता न येणे, हे एखाद्या घराला फार झोंबले असेल. कोणाची कोणती वस्तू हे सांगणारा एकमेव कागद म्हणजे ती वही. दागिने ज्याने नेले, त्याला वहीही न्यावीच लागणार होती, नाहीतर ते कोणाचे हे गावाला तोंडपाठ झाले असते.

परंतु दागिन्यांपेक्षा २८ एकर रान मोठे, आणि त्याचा पुरावा कोणाला जाळता येत नाही. नवरा वारल्यावर १९५१ मध्ये बाईंना मिळालेला हक्क हयातीपुरता होता. जमीन तिला मनाप्रमाणे देता-विकता आली नसती आणि तिच्यामागे ती नवऱ्याच्याच घराण्यात परतली असती. १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार अधिनियम अमलात आला आणि कलम १४ मुळे अशा विधवा आपल्या ताब्यातील मिळकतीच्या पूर्ण मालक झाल्या. त्या दिवसापासून बाईंना ती जमीन माहेरच्या भाच्याला लिहून देण्याचीही मोकळीक होती. तसे न लिहिता ती वारली, तर कलम १५(२) प्रमाणे नवऱ्याकडून आलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाणार. तेव्हा पाहायचे ते हे, की मृत्युपत्र झाले होते का, किंवा होण्याच्या बेतात होते का. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसते. पण झालेली असेल, तर दुय्यम निबंधकांच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये ती असते, आणि लिहून देणारा मरण पावल्यानंतर कोणालाही तिची नक्कल मागता येते. त्याबरोबर १९६४ च्या पोळ्यानंतरच्या दोन वर्षांतील सर्व फेरफार नोंदींच्या, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदींच्या, नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून घ्याव्यात. जबाब कोणाचे घेतले आणि हरकत कोणी घेतली, हे फेरफाराच्या नोंदीत लिहिलेले असते.

गुप्तधनाबद्दल एवढेच, की १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत लपवलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि ती शंभर वर्षांच्या आत कोणी लपवलेली असल्याचे दिसले, तर त्या माणसाच्या वारसांना हक्क सांगण्याची संधी मिळते. येथे साठच वर्षे झालेली आहेत. चुकून काही निघालेच, तर ते गावातील लोकांच्या गहाण पाटल्या-गोटच निघतील आणि मागायला गाव दारात उभे राहील.

उतारा_वाचक

वरील प्रतिसादानंतर एक प्रश्न विचारणे अप्रिय असले, तरी टाळता येत नाही. मोठ्या मायच्या नवऱ्याचे वारस म्हणजे तिचे दीर, म्हणजेच आपले पणजोबा. ते पडके घर आज आपण विकत आहात. ते आपल्या शाखेकडे कोणत्या नोंदीने आले, हे आपल्या मूळ प्रश्नात लिहिलेले नाही.

बोरीकाठ

प्रश्न योग्य आहे, आणि तो मी स्वतःला विचारलेला नव्हता असे म्हटले तर ते खोटे ठरेल. घर पणजोबांकडून आजोबांकडे आणि तेथून आमच्याकडे आले, इतके मला ठाऊक होते. त्याच्या मागचा कागद मी कधी पाहिला नव्हता.

गेल्या आठवड्यात तहसीलमधून फेरफाराची नक्कल मिळाली. कागद अत्यंत जीर्ण असून मोडीवळणाची देवनागरी लावायला मला दोन संध्याकाळी लागल्या. मोठ्या मायच्या मृत्यूनंतर चौथ्या महिन्यात पणजोबांचे नाव वारस म्हणून लागले आहे, आणि मृत्यूचे कारण नोंदीत कोठेही नाही. हरकतीच्या जागी मोठ्या मायच्या भाच्याचे नाव आहे; 'मयत बाईने आपणांस जमीन देण्याचे कबूल केले होते' इतके त्याचे म्हणणे टिपलेले आहे, आणि लेखी पुरावा हजर न केल्याने हरकत फेटाळली, असा शेरा आहे. जबाब देणाऱ्या तिघांत एकाचे घर त्याच गल्लीत, मोठ्या मायच्या घरापासून तिसरे होते. या नोंदीवरून पणजोबांनी काही केले असे सिद्ध होत नाही, हे मला समजते. ते कायद्याने वारस होतेच आणि त्यांचे नाव लागणारच होते. भाचा मात्र पुन्हा गावात आला नाही, असे आता काकांनी प्रथमच सांगितले.

भरीतभाकर यांनी लिहिलेल्या उकरलेल्या जमिनीबद्दलही मी काकांना विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, की पहिली खोदाई आपल्याच घरातून झाली होती, आणि भुताची गोष्ट त्यानंतर उठली.

चुलत भावाला जादूटोणाविरोधी कायद्याचे पान वाचून दाखवले. भगताचे काम सध्या थांबले आहे. नोटीस आली तर ती घरमालकांच्या, म्हणजे आम्हा सर्वांच्या नावे येईल, हे त्याला अधिक पटले असावे. घराची विक्रीही पुस्तक क्रमांक ३ ची नक्कल हाती येईपर्यंत आम्ही पुढे ढकलली आहे. पोलिसांकडील अर्जाला अद्याप उत्तर आलेले नाही.

आजीबद्दल एक गोष्ट राहिली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात, हे खान्देशातील वाचकांना सांगायला नको. आमच्या घरी दरवर्षी एक घागर जास्त असे. तिच्यावर आजी डांगर, म्हणजे खरबूज ठेवी, सांजोरी ठेवी, आणि कोणाची म्हणून विचारले तर "मोठी मायनी" एवढेच म्हणे. त्या दिवशी आजोबा सकाळीच मळ्यात निघून जात आणि घागरी उचलल्यावर, दिवेलागणीला परत येत. त्यांना आमरस आवडत नाही, असे आम्हा मुलांना सांगितलेले होते.