'सुपरसीड' म्हणजे नुसती जागा घेणं नव्हे

सक्सीड, रिप्लेस, सुपरसीड हे तिन्ही इंग्रजी शब्द 'जागा घेणे' याच अर्थाचे, कोणताही वापरा, असं एका चर्चेत कुणीतरी म्हटलंय. हे पटलं नाही, विशेषतः सुपरसीडबद्दल. १९७३ साल आठवा. एप्रिलमध्ये सरन्यायाधीश सिक्री निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी अजितनाथ रे आले. रे यांनी 'सक्सीड' केलं सिक्रींना. 'सुपरसीड' झाले ते शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर हे न्यायाधीश, रे यांच्याहून ज्येष्ठ असूनही डावललेले. तिघांनीही राजीनामे दिले. म्हणजे जी खुर्ची त्यांना कधी मिळालीच नव्हती, तिच्यावरून ते सुपरसीड झाले! इथे 'रिप्लेस' चालणारच नाही.

सहकारात याच शब्दाचा आणखी एक अर्थ रुळलाय: बोर्ड सुपरसीड झालं, म्हणजे संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आला. आमच्या पतसंस्थेवर ही वेळ आली तेव्हा बँकेला द्यायच्या इंग्रजी पत्रात मी प्रशासकांनी 'टेक ओव्हर' केलं एवढंच लिहिलं होतं. वकीलबाईंनी लाल पेनाने वर एक ओळ घातली, आधीची समिती 'सुपरसीडेड' असल्याची. त्यांचं म्हणणं, टेक ओव्हरमधून ताबा कुणाकडे गेला ते कळतं. जुन्या मंडळाच्या सह्या आता चालणार नाहीत, हे त्यातून कळत नाही.