भाचीला जर्मनीत इलेक्ट्रॉनिक्सचं मास्टर्स करायचंय, कोर्स कसा निवडायचा? (मदत हवी आहे)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

माझी भाची शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका कॉलेजात ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला आहे. सहा सेमिस्टरचा सीजीपीए ७.६, एकही केटी नाही. एम्बेडेड सिस्टिम्स (यंत्रात बसवलेले छोटे संगणक) आणि व्हीएलएसआय (चिप डिझाइन) हे तिचे आवडीचे विषय. मातीतली ओल मोजून ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप चालू-बंद करणारा मिनी प्रोजेक्ट तिनं केला होता, तो दाजींच्या द्राक्षबागेत अजून चालतोय. पुढच्या ऑक्टोबरच्या विंटर सेमिस्टरला जर्मनीत मास्टर्सला जायचं तिनं ठरवलंय.

घरातून परदेशी शिकायला जाणारी ती पहिलीच. तासगावकडच्या बागेवरच दाजींचं घर चालतं. ताई-दाजी दोघंही तिच्या पाठीशी खंबीर उभे आहेत, पण चौकशी कुठं करायची हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून ते काम मी अंगावर घेतलंय. पोरीचं वर्ष वाया जाऊ नये आणि दाजी कर्जात बुडू नयेत, या दोन काळज्या आहेत.

आतापर्यंत एवढं कळलंय: जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. दिल्लीतल्या एपीएस केंद्राकडून आपली कागदपत्रं तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, १ नोव्हेंबर २०२२ पासून स्टुडंट व्हिसासाठी ते सक्तीचं आहे आणि त्याची फी १८,००० रुपये आहे. शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात.

अडलंय ते कोर्सच्या निवडीवर. डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या वेबसाइटवर शोधलं तर इंग्रजीतून शिकवले जाणारे ढीगभर कोर्स दिसतात. एकाच नावाचे पाच, आणि एकाच विषयाला पाच नावं. सांगलीतल्या एका कन्सल्टन्सीत गेलो, तर त्यांनी हे सगळं बाजूला सारून एका खासगी विद्यापीठाचं पत्रक पुढं केलं. म्हणाले, सरकारी विद्यापीठात ७.६ ला कोण विचारतंय, इथं ॲडमिशन पक्की. दोन वर्षांची फी वीस हजार युरोंच्या वर. भाची तिथून उतरलेल्या तोंडानं बाहेर पडली, ते मला फार लागलं.

७.६ खरंच कमी आहेत का? कोर्स निवडताना नक्की काय पाहायचं? आणि पैशाचा मेळ कसा घालायचा? कुणी स्वतः या वाटेनं गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

एल्बेकाठ

कृष्णाकाठ, आधी भाचीला सांगा की ७.६ मुळे दार बंद होत नाही. मी ड्रेस्डेनमध्ये चिप डिझाइनमध्ये काम करते, माझं मास्टर्सही इथलंच.

जर्मनीत गुणांची पट्टी उलटी असते. १ सर्वांत चांगला, ४ म्हणजे काठावर पास. आपले गुण 'बव्हेरियन फॉर्म्युला'नं बदलतात: जास्तीत जास्त गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला जास्तीत जास्त आणि पासापुरत्या गुणांमधल्या फरकानं भागा, तीननं गुणा आणि एक मिळवा. दहाच्या पट्टीवर पास ४ ला असेल तर ७.६ चे होतात २.२. पास ५ ला असेल तर २.४४. बऱ्याच कोर्सना २.५ किंवा त्याहून चांगला ग्रेड लागतो, म्हणजे ती दोन्हीकडून आत बसते. पण दोन आकड्यांतला फरक बघा. विद्यापीठाच्या नियमांत पासाचा सर्वांत खालचा ग्रेड पॉइंट किती आहे ते मार्कशीटच्या मागे किंवा ट्रान्सक्रिप्टवर स्पष्ट छापलेलं असलं पाहिजे. नसेल तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र आत्ताच घ्या.

आता कोर्सचं. इथल्या निवडीत ग्रेडइतकंच, कित्येकदा त्याहून जास्त, हे पाहतात की तुमचं बॅचलर्स त्या मास्टर्सच्या पायाशी जुळतं का. प्रवेशाच्या अटींत सरळ लिहिलेलं असतं: गणिताचे इतके क्रेडिट, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे इतके, प्रोग्रामिंगचे इतके. हे युरोपियन क्रेडिट असतात, म्हणजे ईसीटीएस. वर्षाला ६०, आणि एका क्रेडिटमागं लेक्चर, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं धरून २५ ते ३० तास. ९.२ सीजीपीए असलेल्यांचे अर्ज परत आलेले मी पाहिलेत, कारण त्यांनी डेटा सायन्सच्या कोर्सला अर्ज केला होता आणि मार्कशीटवर कॉम्प्युटर सायन्सचे विषय पुरेसे नव्हते.

म्हणून नावावरून यादी करू नका. प्रत्येक कोर्सच्या पानावर 'मोडूलहांडबुख' नावाची पीडीएफ असते. कोणता विषय, किती क्रेडिट, आधी काय यायला हवं, परीक्षा लेखी की तोंडी, हे सगळं त्यात असतं. ती भाचीनं स्वतः वाचावी. तीनशे पानं पाहून घाबरू नका, अनिवार्य विषयांची पानं थोडीच असतात. 'एम्बेडेड सिस्टिम्स' हे एकच नाव, पण एकीकडे सगळा भर सॉफ्टवेअर आणि रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमवर, तर दुसरीकडे सर्किट आणि सेन्सरवर. तिचा ठिबकचा प्रोजेक्ट वाचून मला वाटतं, दुसऱ्या प्रकारात ती जास्त रमेल.

सुरुवातीला पाहण्यासाठी काही नावं देते: केम्निट्झच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचे एम्बेडेड सिस्टिम्स आणि मायक्रो अँड नॅनो सिस्टिम्स, ड्रेस्डेनचं नॅनोइलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स, हॅम्बुर्गच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचं मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स अँड मायक्रोसिस्टिम्स, फ्रायबुर्गचं एम्बेडेड सिस्टिम्स इंजिनिअरिंग, स्टुटगार्टचं इन्फोटेक. व्हीएलएसआयची आवड पक्की असेल तर ड्रेस्डेन नक्की पाहा. इन्फिनिऑन, ग्लोबलफाउंड्रीज, बॉश यांचे चिप कारखाने इथंच आहेत, आणि तैवानच्या टीएसएमसीच्या भागीदारीतल्या कारखान्याचं काम २०२४ मध्ये सुरू झालंय. मुलं शिकता शिकता या कंपन्यांत अर्धवेळ काम आणि थीसिस करतात.

वाटाड्या

फीबद्दल थोडी भर. 'सरकारी म्हणजे मोफत' हे सरसकट खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. वर सांगितलेली फ्रायबुर्ग आणि स्टुटगार्ट त्याच राज्यातली, कार्ल्सरूहही. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही २०२४-२५ पासून फी सुरू केली आहे, मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो. म्हणून प्रत्येक कोर्सच्या पानावर फीची ओळ वेगळी तपासा. फी नसली तरी सेमिस्टर वर्गणी सगळीकडे असते, साधारण शंभर ते साडेतीनशे युरो. त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पास येतो.

उपयोजित विज्ञानाची विद्यापीठं, ज्यांना एफएच किंवा एचएडब्ल्यू म्हणतात, ती कमी दर्जाची समजून सोडू नका. तिथल्या प्राध्यापकांना कंपनीतल्या कामाचा अनुभव असावा लागतो, वर्ग लहान असतात आणि शिकवणं कामाला धरून असतं. डॉर्टमुंडच्या अशा विद्यापीठात एम्बेडेड सिस्टिम्स इंजिनिअरिंग इंग्रजीतून आहे. पुढं संशोधनात जायचं असेल तर मात्र टेक्निकल युनिव्हर्सिटी बरी.

खासगी विद्यापीठाची पदवी सरकारमान्य असू शकते, त्यात वावगं काही नाही. पण वर्ग प्रत्यक्ष भरतात की निम्मे ऑनलाइन, हे लेखी विचारा. व्हिसा प्रत्यक्ष शिक्षणासाठी असतो. आणि ७.६ ची ई अँड टीसीवाली मुलगी सरकारी विद्यापीठात एकही अर्ज न करता तिथं वीस हजार युरो का भरेल? कन्सल्टन्सीला अशा प्रवेशामागं कमिशन मिळतं, सरकारी विद्यापीठाकडून मिळत नाही. तिचं तोंड उतरायचं काही कारण नाही.

खातेवही

बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे पैशाचं मी सांगतो.

११,९०४ युरो ही फी नव्हे, ते तिचेच पैसे. तिथं गेल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे तिला परत मिळतात, त्यातच खोली, जेवण आणि आरोग्य विमा भागवायचा असतो. विद्यार्थ्यांचा सरकारी विमाच महिन्याला सव्वाशे-दीडशे युरोंच्या घरात जातो. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण पहिलं सेमिस्टर कमाईवर अवलंबून राहून आखू नका. भाषा येत नसताना काम मिळायला वेळ लागतो आणि परीक्षा अंगावर येतात.

दाजींसाठी महत्त्वाचं: शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. घर, बिगरशेती प्लॉट किंवा मुदत ठेव चालते. साडेसात लाखांपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं, त्याहून जास्त रकमेला जामीनदार किंवा तारण मागतात. विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या पोर्टलवरून अर्ज करा. खासगी वित्तसंस्था लवकर कर्ज देतात, पण व्याज जास्त आणि शिकत असतानाच हप्ते सुरू. बाग हंगामावर चालते, दरमहा हप्ता दाजींना झेपणार नाही.

राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्याही जरूर बघा. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची आहे, इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. यांना विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीची अट असते, त्यामुळे एफएच त्यात बसत नाही. यादी करतानाच हे पाहा, नाहीतर प्रवेश एकीकडे आणि शिष्यवृत्ती दुसरीकडे असं होतं. जाहिरात आली की मुदत थोडी असते. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे कागद आजच काढून ठेवा.

कृष्णाकाठ

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं दाजींना वाचून दाखवलं. शेतजमिनीचं ऐकून ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, बरं झालं आधी कळलं. घर ताईच्या नावावर आहे, ते तारण चालेल असं दिसतंय. भाचीला इथं लिहायचंय, म्हणून माझ्याच आयडीवरून तिला लिहू देतोय.

नमस्कार, मी यांची भाची. एल्बेकाठ ताई, मी काल केम्निट्झ आणि ड्रेस्डेन दोन्हींची मोडूलहांडबुख उघडून पाहिली. ड्रेस्डेनमधला सर्किट डिझाइनचा भाग वाचून इतकं छान वाटलं की शेवटपर्यंत वाचत बसले. दोन शंका आहेत. आमच्या मार्कशीटवरचे क्रेडिट ईसीटीएस नाहीत, मग ते मी स्वतः बदलून लिहायचे का? आणि जर्मन किती शिकून यावं? कोर्स तर इंग्रजीत आहे.

एल्बेकाठ

वाचत बसलीस हे वाचून खूप बरं वाटलं. असाच कोर्स निवड.

क्रेडिट बदलून अर्जात दावा करू नकोस, ते विद्यापीठ ठरवतं. तू विषयवार वर्णनाचं एक कागदपत्र तयार कर: विषयाचं नाव, लेक्चर आणि प्रॅक्टिकलचे तास, घटक, वापरलेली पुस्तकं. अधिकृत सिलॅबसमधून जसंच्या तसं घे आणि विभागप्रमुखांची सही-शिक्का घे. काही विद्यापीठं तुझा कुठला विषय त्यांच्या कुठल्या अटीत बसतो याचा तक्ता भरायला देतात, तो प्रामाणिकपणे भर. सिग्नल्स अँड सिस्टिम्स, कंट्रोल, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स हे विषय इथं मोलाचे आहेत. त्यांची प्रॅक्टिकल वेगळी दाखव.

अर्ज काही ठिकाणी थेट, काही ठिकाणी युनि-असिस्ट या अनेक विद्यापीठांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत होतात. तिथं पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. म्हणून सरसकट वीस अर्ज करू नकोस. अटी नीट जुळणारे सहा-सात पुरेत. मुदती मार्चपासून जुलैपर्यंत विखुरलेल्या असतात, आणि आपल्यासारख्या देशांतून येणाऱ्यांसाठी कित्येकदा लवकरची तारीख असते. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत बऱ्याच ठिकाणी ६.५ लागतं. ते आणि एपीएस दोन्ही आत्ताच हाती घे, एपीएसला आठवड्यांमागून आठवडे जातात.

जर्मनबद्दल कळकळीनं सांगते. कोर्स इंग्रजीत असला तरी घरमालकाचं पत्र, डॉक्टर, नगरपालिकेतली नोंदणी आणि कित्येक कंपन्यांतलं रोजचं बोलणं जर्मनमध्ये असतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. त्या काळात अडकलेली जी मुलं मी पाहिली, त्यांतली बरीचशी अभ्यासात हुशार होती, भाषेत मात्र ए-वन या पहिल्या पातळीच्या पुढं गेली नव्हती. येण्याआधी ए-टू ही दुसरी पातळी पूर्ण कर. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट आहेत, मॅक्स म्युलरचे ऑनलाइन वर्गही असतात, ते सांगलीत बसून जमेल.

आणखी एक: इथं बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं तर तो कोर्स सोडावा लागतो आणि जर्मनीत दुसरीकडेही तोच कोर्स सहसा घेता येत नाही. आपल्याकडच्या केटीसारखं पुढं ढकलत नेता येत नाही. म्हणून पहिल्या सेमिस्टरला विषय कमी घेतलेस तरी चालेल.

वाटाड्या

खोलीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 'श्टुडीरेंडनवेर्क' नावाची संस्था प्रत्येक विद्यापीठाच्या गावात विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवते. प्रवेशपत्र आलं की त्याच दिवशी तिथं अर्ज टाका, बऱ्याच ठिकाणी प्रवेशाआधीही नाव नोंदवता येतं. म्युनिक-हॅम्बुर्गात यादी लांबलचक असते, केम्निट्झला खोली लवकर आणि स्वस्तात मिळते. खोली पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय कुणालाही आगाऊ भाडं पाठवू नका, फसवणुकीचे प्रकार खूप होतात.

कृष्णाकाठ

नोंद केली. एपीएसचा अर्ज या आठवड्यात भरतोय आणि भाची सिलॅबसच्या प्रती घ्यायला सोमवारी कॉलेजात जातेय. तिनं निवडलेले सहा कोर्स, त्यांच्या अटी आणि तिचे विषय असा तक्ता झाला की याच धाग्यावर टाकतो. एल्बेकाठ, वाटाड्या, त्यावर एकदा नजर टाकाल का?

एल्बेकाठ

नक्की. प्रत्येक कोर्सपुढं अर्जाची शेवटची तारीख आणि फीची ओळही लिहायला सांगा.